पाप, बाप, माप

आत्याला हवं तेव्हाच ऐकू येतं, असं तिच्या भाचेसुनेचं ठाम मत होतं आणि ते ती येईल-जाईल त्याला ऐकवत असे. समोर उभं राहून कुजबुजलं तरी म्हातारी चटकन उत्तर देते, आणि पाठीमागे पातेलं आपटलं तरी ढिम्म हलत नाही. मग हे सोंग नाही तर काय? भाचेसून काही मूर्ख नव्हती. तिने पाहिलं ते खरंच होतं. त्यातून काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा होता, आणि त्या घरातलं सगळं वैर त्या चुकीच्या अर्थावर पोसलेलं होतं.

आत्याचे कान मागांनी खाल्ले होते. तिची उमेदीची सगळी वर्षं कापडगिरणीच्या विणाई खात्यात गेली. शेकडो माग एकदम धडधडत, सूत नेणारे लाकडी धोटे या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटत, आणि शेजारणीच्या कानाला तोंड लावून बोंब मारली तरी तिच्यापर्यंत काही पोचत नसे. म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत. आवाज काढायचाच नाही, फक्त तोंड मोठं उघडून एकेक अक्षर ओठांवर घडवायचं. दोन रांगा पलीकडच्या बाईशी भांडण करता येई, सोयरीक जुळवता येई, आणि मुकादम मधून फिरत असताना त्याच्याच सात पिढ्यांचा उद्धार करता येई. अडचण एकच होती. प, ब आणि म ही तिन्ही अक्षरं ओठांवर हुबेहूब सारखी दिसतात. म्हणून बाप म्हणायचं असेल तर मिशीवरून बोट फिरवायचं, माप म्हणायचं असेल तर वीत दाखवायची आणि पाप म्हणायचं असेल तर कानाची पाळी धरायची, असा त्या खात्याचा रिवाज होता.

पुढे गिरणीला टाळं लागलं, माग भंगारात गेले आणि बायका चारी दिशांना पांगल्या. आत्याकडे निकामी कान उरले आणि ओठ वाचणारे डोळे उरले. ही विद्या तिने घरात कुणाला सांगितली नाही. आधी त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही, आणि भाचेसून घरात आल्यावर ते सांगणं परवडणारं राहिलं नाही.

कारण भाचेसुनेला ओठांतल्या ओठांत बोलायची खोड होती. ती घरबसल्या नोकरी करायची. डोक्याला हेडफोन आणि तोंडापुढे माइक लावून दिवसभर लोकांच्या बिघडलेल्या फ्रिजच्या तक्रारी ऐकायच्या आणि साखर पेरल्यासारखं बोलायचं. एखादं गिऱ्हाईक फारच डोक्यात गेलं की ती माइक बंद करून त्याला मनसोक्त शिव्या घालायची आणि माइक चालू करून पुन्हा साखर पेरायची. हाच धंदा तिने घरातही लावला. आवाजात "आत्याबाई, चहा घेता ना?" आणि पाठ फिरवायच्या आत ओठांवर "घोरपड." आत्या चहा घ्यायची, घोरपडही घ्यायची, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या करून भाचेसुनेचेच तेवढे कपडे दोरीवर ठेवून द्यायची. भाचेसुनेला वाटायचं, म्हातारी विनाकारण डूख धरते. विनाकारण काहीच नव्हतं. दोघी सारख्याच तिखट होत्या, आणि दोघींमधून चालणारा भाचा गुळाचा गणपती होता.

भाच्याची आई तो लहान असतानाच गेली. बापाने, म्हणजे आत्याच्या भावाने, दुसरं घर थाटलं आणि पोराकडे वळून पाहिलं नाही. पोराला आत्यानेच वाढवलं. आता तो पाण्याचे मीटर तपासत गावभर हिंडायचा आणि घरी आला की बायको बोलली तर तिच्याकडे बघून मान डोलवायचा आणि आत्या बोलली तर तिच्याकडे बघून. बायको रोज ओठांनी म्हणायची, "हिला कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवायला हवं." तो रोज ओठांनी म्हणायचा, "बघू." आत्या हॉलमधल्या आपल्या खाटेवर बसून ते "बघू" वाचायची. गेली काही वर्षं ती त्या एका शब्दावर दिवस काढत होती.

अशा घरात नवीन टीव्ही आला आणि आगीत तेल पडलं. जुना डबा जाड होता, पण त्याचा आवाज समोरून यायचा. नवा टीव्ही पाटीसारखा सपाट, त्याचे स्पीकर पाठीमागे, आणि तो जे काही बोलायचा ते आधी भिंतीला सांगायचा. बातम्यांचं आत्याला जमायचं, कारण बातम्या देणारी बाई सरळ तिच्याकडे बघून बोलायची. मालिकेत मात्र पोरी खिडकीबाहेर बघत रडायच्या, बाप्ये पाठ करून धमक्या द्यायचे, आणि वर वाद्यांचा कल्लोळ. आत्या आवाज वाढवायची. आतल्या खोलीत फ्रिजच्या तक्रारी ऐकणारी भाचेसून तणतणत यायची आणि कमी करून जायची. रिमोट कधी उशीखाली सापडायचा, तर कधी पिठाच्या डब्यात.

त्यात आत्याला एका मालिकेची चटक लागली. ती कुठल्यातरी परक्या भाषेतली होती आणि तिच्यावर मराठी आवाज चढवलेले होते. आत्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला दिसायचं की नायिका नवऱ्याला तोंडाने "भामट्या, पोपट खा" असं म्हणते आहे, आणि कानावर कुठूनतरी पुसट यायचं, "तुमच्याशिवाय मला कोण आहे?" एकदा जेवताना ती म्हणालीच, "ती बाई नवऱ्याला भामटा म्हणते, आणि तो खुळा हसतो."

"कोण म्हणालं भामटा?" भाचेसुनेने विचारलं. "कुणीच नाही म्हणालं."

"म्हणाली. चांगलं दोनदा म्हणाली."

भाचेसुनेने नवऱ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले, "आता नसलेलंही ऐकू यायला लागलं. डोकं गेलं हिचं." भाच्याने पानातली भाजी इकडची तिकडे केली. त्या दिवशी तो "बघू" म्हणाला नाही.

त्यानंतर घरात एकदम गोडीगुलाबी सुरू झाली आणि आत्या खरी घाबरली ती तेव्हा. भाचा तिच्या खाटेवर येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, तुझ्यासाठी एक साउंडबार घेऊ. टीव्हीसमोर ठेवायची लांब पट्टी असते, तिच्यातून बोलणं स्वच्छ येतं. एखादा छोटासा, सुटसुटीत बघू."

"छोटा कशाला? टेबल तर एवढं ऐसपैस आहे."

"छोटा बरा असतो गं," तो म्हणाला आणि पायाकडे बघत बसला.

स्वयंपाकघराच्या दारातून भाचेसुनेने ओठांनी त्याला विचारलं, "तिथलं माप घेतलंस ना?" त्याने मान हलवली. आत्याने तेवढ्यात जे वाचलं ते असं, "तिथलं पाप घेतलंस ना?" इथे कुणी वीत दाखवत नव्हतं की कानाची पाळी धरत नव्हतं. आत्या रात्रभर विचार करत राहिली की हा मीटर तपासणारा गरीब प्राणी कुठलं पाप घेऊन आला असेल. भाचेसुनेच्या तोंडी माप हा शब्द असू शकतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. माणूस ज्याच्यावर दात धरून असतो, त्याच्या ओठांवर त्याला पापच दिसतं.

तरीही साउंडबारची कल्पना तिला आवडली. बोलणं स्वच्छ आलं तर आवाज वाढवावा लागणार नाही. आवाज वाढला नाही तर फ्रिजवाल्यांची तक्रार राहणार नाही, आणि मग आपल्याला हॉलमधून हलवायला यांना निमित्त उरणार नाही. एवढ्या साध्या हिशोबाने ती नीट साडी नेसून त्यांच्याबरोबर दुकानात गेली.

दुकानातला विक्रेता चांगला पिकलेला, टाय बांधलेला आणि जगाला विटलेला माणूस होता. आत्याने एका पेटीला बोट लावलं तर तो म्हणाला, "आजी, हात नका लावू, डाग पडतात." मग त्याने घोकलेलं सुरू केलं. साउंडबार म्हणजे टीव्हीसमोर ठेवायची पट्टी. साउंडबेस म्हणजे चपटी रुंद पेटी, टीव्ही तिच्याच डोक्यावर उभा करायचा. "बेस घेतलात तर समोर अडगळ होत नाही. पण तुमच्या टीव्हीचे पाय मधोमध आहेत की टोकांना?"

"टोकांना," भाचा म्हणाला.

"मग बेस एवढा रुंद घ्यावा लागेल, नाहीतर पाय लोंबकळतील. पट्टी घेतलीत तर उंची बघून घ्या. उंच पट्टी टीव्हीच्या खालच्या कडेला येते, मग रिमोट चालत नाही म्हणून लोक माझ्याच नावाने खडे फोडतात. जागा किती आहे?"

भाच्याने खिशातून सुतळीचा एक तुकडा काढला आणि मांडलेल्या पट्ट्यांवर धरून बघू लागला. आत्या त्या तुकड्याकडे बघत राहिली. हॉलमधलं टेबल ती रोज पुसायची. सुतळी त्याच्या निम्म्यालाही पुरली नसती.

तिने काही विचारायच्या आत विक्रेत्याने तिला काचेच्या बंद खोलीत नेलं. तिथे ओळीने पट्ट्या आणि बेस मांडून एकाच टीव्हीला जोडले होते. भाचेसून म्हणाली, "दिवसभर कान किटलेले असतात, मी नाही आत येत." दोघं नवरा-बायको काचेबाहेर थांबली. विक्रेता आत्याच्या समोर येऊन म्हणाला, "आजी, चित्राकडे बघू नका. डोळे मिटा आणि नुसतं ऐका."

डोळे मिटून ऐकणं ही गोष्ट आत्याने कित्येक वर्षांत केलेली नव्हती. पहिली पट्टी वाजली ती नुसती ढमढमली. मग बेस लावला तर पायाखालची फरशी गुरगुरली, शब्द काही आला नाही. तिसरी पट्टी अगदी लहान होती. विक्रेत्याने तिचं बोलणं ठळक करणारं एक बटण दाबलं, आणि काळोखात कुणी बाई आत्याला म्हणाली, "उद्या दुपारनंतर वारा वाढेल."

चेहरा नव्हता, ओठ नव्हते, आणि शब्द आले होते. साधी हवेची बातमी, पण आत्याला हुंदका फुटायचा बाकी राहिला. यांच्या हातून मिळालेल्या त्या आनंदाचाही तिला राग आला, पण आनंद खरा होता. भाच्याला हाक मारून सांगावं म्हणून तिने डोळे उघडले.

काचेपलीकडे ती दोघं तिच्याकडेच तोंड करून उभी होती. भाचेसून म्हणत होती, "तिथल्या फळीवर हा मावेल ना नक्की? खिडकीजवळची खाट देणार आहेत म्हणे." भाचा म्हणाला, "मावेल. सुतळी लावून बघितलंय मी." ती म्हणाली, "मग पहिल्या तारखेला हलवून टाकू. आणि आधी सांगत बसू नकोस, उगाच रडारड." तो म्हणाला, "टीव्ही तिथे लावून देऊ, मग सांगू."

पाप नव्हतं ते, माप होतं. आत्याला आपल्या चुकीचंच आधी वाईट वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली.

ती बाहेर आली. "हा लहानवाला घ्या," ती म्हणाली. "खिडकीजवळच्या फळीवर बरोबर मावेल."

"कसली फळी?" भाचा म्हणाला.

"तू सुतळी लावून बघितलीस ती. पहिल्या तारखेला मला हलवणार आहात ना? टीव्ही तिथे लावून देणार आणि मग सांगणार. रडारड नको म्हणून."

विक्रेत्याला अचानक दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाची आठवण झाली आणि तो सटकला. भाचेसुनेचा चेहरा उतरला. "काच बंद होती," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"मला कुठे काय ऐकू येतं? मी बघते. गिरणीतल्या सगळ्या बायका बघतात." आणि मग तिला थांबता येईना. "घोरपड बघितली. 'मरतही नाही मेली' बघितलं. माझा ताप उतरला त्या दिवशी तू म्हणालीस, 'पुन्हा उठली का?' तेही बघितलं."

भाचेसुनेचे डोळे कुठेतरी मागे मागे जात होते. लग्न होऊन आल्यापासून आपण या बाईच्या तोंडावर काय काय बोललो, ते ती आठवत असावी. आठवून संपेना तेव्हा ती उसळली. "मग इतकी वर्षं नुसत्या बघत बसलात? तोंडावर विचारलं नाहीत कधी?"

"तू तोंडावर बोललीस कधी?"

"दाराआडून चोरून ऐकणारी बाई परवडली, आत्याबाई. तिला निदान पकडली जाण्याची भीती असते. तुम्ही समोर बसून, माझा चहा पीत पीत चोरलंत."

हे आत्याला झोंबलं. कारण त्यात तथ्य होतं. भाचा सुतळी बोटाला गुंडाळत उभा होता. आत्या त्याला म्हणाली, "आणि तू रे? तू तर तिला साधं नाहीसुद्धा म्हणाला नाहीस. बघू म्हणायचास. परवापासून तेही सोडलंस." पट्टी मात्र त्याने घेतली. आता ती न घेता दुकानातून बाहेर पडायची हिंमत त्या तिघांपैकी कुणाकडेच नव्हती.

पट्टी हॉलमध्येच लागली. ती टीव्हीच्या डोळ्यापुढे येऊन रिमोट अडवत होती म्हणून भाच्याने टीव्हीच्या पायांखाली लाकडाचे दोन ठोकळे सरकवले आणि एक वायर जोडून दिली. बोलणं खणखणीत येऊ लागलं. आवाज निम्म्यावर आला, आतल्या खोलीत फ्रिजवाल्यांची काही तक्रार उरली नाही, आणि आत्याचा हिशोब तंतोतंत बरोबर निघाला. फक्त तो चुकीच्या भांडणाचा हिशोब होता.

कारण आता घराने तिच्याकडे तोंड करणं सोडलं. भाचेसून चहा आणायची तो मान वळवून, आणि काही सांगायचंच झालं तर तोंडावर हात धरून सांगायची. धुळीचा त्रास होतो म्हणून ती घरातल्या घरात तोंडाला रुमाल बांधू लागली. भाचाही बायकोशी बोलायचं म्हटलं की गॅलरीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. पूर्वी आत्याला दिवसभर शिव्या तरी मिळत. आता तिला काहीच मिळेना. तिच्याकडे बघून बोलायला बातम्या देणारी बाई काय ती राहिली होती, आणि त्या बाईच्या ओठांची आता गरज नव्हती. पहिली तारीख आली आणि गेली. तिला कुणी हलवलं नाही. हलवणार नाही, असंही कुणी म्हटलं नाही. आत्या खाटेवरून उठायची तीसुद्धा परत येईपर्यंत खाट जागेवर असेल ना, असं मागे बघत बघत.

एका संध्याकाळी तिची मालिका लागली होती. स्वयंपाकघरात नळ वाहत होता, म्हणजे भाचेसून भांडी घासत असणार. भाचा येताना तिकडे कान देऊन आला त्यावरून आत्याला ते कळलं. तो टीव्हीच्या आणि तिच्या मधोमध उभा राहिला. आणि आवाज न काढता त्याने तोंड उघडलं.

त्याला ते येत नव्हतं. डॉक्टरला दात दाखवायला बसलेल्या माणसासारखा त्याने जबडा फाकला होता, आणि एकेक अक्षर अवजड ओझं उचलल्यासारखं ओठांवर आणत होता. एवढ्या वर्षांत तिच्या भाषेत तिच्याशी बोलायला कुणी आलं नव्हतं. ज्याला तिने बोलायला शिकवलं होतं, तो आज पहिल्यांदा आला होता. तिचा चेहरा नकळत उजळला, आणि मग तिने वाचलं.

"आत्या, तू जा. माझ्यासाठी जा."

"ऐकू नाही आलं," आत्या मोठ्याने म्हणाली. मागांच्या वरताण जाईल असा आवाज तिने लावला. "मोठ्याने बोल. तिलाही कळू दे कोण बोलतंय ते."

भाच्याने दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिकडून रुमाल बांधलेलं डोकं दारात आलं आणि तिथेच थांबलं. आता त्याने आवाज काढायला हवा होता, नाहीतर बाजूला व्हायला हवं होतं. मोठ्याने म्हणाला असता तर आत्या त्याच्याशी भांडली असती, रडली असती, कदाचित गेलीही असती. पण तो तिच्या जवळ सरकला, बायकोला दिसू नये म्हणून दाराकडे पाठ केली, आणि लहान मुलाला समजवावं तसं सावकाश पुन्हा ओठ हलवू लागला.

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आत्याने डोळे मिटून घेतले.

मालिकेतली बाई कुणालातरी विचारत होती, स्टेशनवर किती वाजता येऊ, डबा आणू का, स्वेटर घेतलास का. प्रत्येक शब्द लख्ख ऐकू येत होता. भाचा अजून समोर उभा आहे की निघून गेला, ते तिला कळायला मार्ग नव्हता, आणि ते बघायला तिने डोळे उघडले नाहीत.